भक्तपूरच्या भट्टीवरची शाळा, आणि नेपाळला मुलांसाठी जायचं म्हणणाऱ्यांना थोडंसं

नेपाळहून आल्यापासून ओळखीतले बरेच जण मला एकच विचारतायत, आम्हालाही तिकडे जाऊन लहान मुलांबरोबर काम करायचंय, एखादा चांगला अनाथाश्रम सांग ना. विचारणारे मनापासून विचारतात हे मला माहितीये, ऑफिसातून महिनाभर सुट्टी काढायची तयारी असते, पदरचे पैसे घालायची तयारी असते, म्हणून उत्तरही नीटच द्यायला हवं आणि ते दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही. एका वाक्यात सांगायचं तर अनाथाश्रमात जाऊ नका. सविस्तर सांगायचं तर वेळ काढून वाचा, कारण जाण्यासारख्या जागा आहेत, काम ढीगभर आहे, पण ते वेगळ्याच ठिकाणी आहे आणि वेगळ्या पद्धतीने करावं लागतं.

मी भिवंडी तालुक्यातली. आमच्याकडे दिवाळी संपली की जव्हार-मोखाड्याकडून कातकरी, वारली कुटुंबं भट्ट्यांवर यायला लागतात, कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यात राहतात आणि पाऊस यायच्या आत परत जातात. कॉलेजात असताना मी एका भोंगाशाळेत जायचे, म्हणजे भट्टीवरच भरणारी शाळा, तिथल्या ताईंच्या हाताखाली. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात नोकरी बदलताना मधे मोकळा वेळ मिळाला आणि नेपाळला जायचं ठरलं तेव्हा मी शोधत होते ती भट्टीवरची शाळाच. काठमांडू खोऱ्यात वीटभट्ट्या खूप आहेत हे वाचलेलं होतं. एका छोट्या स्थानिक संस्थेशी ईमेलवर बोलणं झालं, त्यांनी माझ्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं, आधी जिथे काम केलं तिथल्या दोन माणसांचे नंबर मागितले आणि त्या दोघांना खरोखर फोन केले. मला याचा फार आनंद झाला. लहान मुलांजवळ परक्या देशातून कोणीतरी येतंय तर चौकशी व्हायलाच पाहिजे, आणि जिथे होत नाही तिथे आपणच थांबावं.

गेले ट्रेनने. कुर्ल्याच्या टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची बॉर्डर आणि पलीकडे भैरहवाहून रात्रीची बस. आपल्याला व्हिसा लागत नाही, ओळखपत्र पुरतं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि शंभराच्या नोटेचे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात एवढं लक्षात ठेवायचं. काठमांडूत पहाटे उतरले तेव्हा धुकं होतं आणि थंडी अशी की मुंबईचा स्वेटर काही कामाचा नव्हता. बागबजारहून भक्तपूरची बस मिळते, पूर्वेला तेराएक किलोमीटर, पण ट्रॅफिक लागलं तर तासभर कुठे जात नाही.

भक्तपूर बघून माणूस हरखतो हे खरंय. न्यातपोल नावाचं पाच मजली देऊळ आहे, १७०२ सालचं, १९३४ चा भूकंप आणि २०१५ चा भूकंप दोन्ही झेलून उभं, आजूबाजूला लाल विटांच्या गल्ल्या, मातीच्या कुंड्या उन्हात मांडून ठेवलेला कुंभारांचा चौक, आणि मातीच्या भांड्यात लावलेलं जुजु धौ नावाचं दही जे मी रोज खाल्लं असतं. पण पर्यटक बघतात ते हे भक्तपूर. शहराच्या उत्तरेला झौखेल, दुवाकोट या बाजूला निघालं की भातशेती संपल्यावर रिकामी झालेली खाचरं दिसतात आणि त्यात धुरांडी. हे अख्खं खोरं कधीकाळी तळं होतं, त्यामुळे माती चिकण, विटेला एकदम योग्य. भात काढला की शेतकरी जमीन भट्टीवाल्याला भाड्याने देतो, माती काढली जाते, पावसाळ्याआधी भट्टी बंद. २०१५ च्या भूकंपात इथली बरीच धुरांडी पडली होती, नंतर ती नव्या झिगझॅग पद्धतीने बांधली, त्यात धूर कमी होतो म्हणतात, आणि भूकंपात पडलेली घरं परत उभी करायला विटा तर हव्याच होत्या. त्या विटा पाडायला माणसं येतात रोल्पासारख्या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतून, सर्लाही-रौतहटच्या तराईतून, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातून, काही तर आपल्या बिहारमधून.

भट्टीवरचं सगळं मला ओळखीचं होतं आणि तरी नवीन होतं. इथे मुकादम तिथे नाइके, तोच गावात जाऊन दसरा-तिहारच्या, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल देतो, सणाला पैसे लागतातच, आणि मग तिहार झाला की ती उचल फेडायला अख्खं कुटुंब निघतं. हिशोब हजार विटांवर. एकट्याने हजार पाडणं अवघड म्हणून बायको, म्हातारी आई, मुलं सगळी लागतात. रात्री दोन-तीनला उठून कामाला लागतात, बॅटरीच्या उजेडात चिखल मळलेला असतो, साचे मारतात, मुलांचं काम म्हणजे अर्धवट सुकलेल्या विटा उलटवणं आणि रचणं. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि नेपाळ सरकारच्या सांख्यिकी विभागाने मिळून २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात देशभरातल्या भट्ट्यांवर ३४ हजारांहून जास्त मुलं राहत असल्याचं आणि त्यातली १७ हजारांच्या वर कामाला असल्याचं निघालं. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. पण भट्टीवर कोणी मुलाला "कामाला" लावतच नाही, तो फक्त आईच्या मदतीला असतो, त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. अगदी भिवंडीसारखंच.

शाळा म्हणजे बांबूवर पत्रे, तीन बाजूंनी ताडपत्री, खाली गोणपाट. तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची मुलं एकत्र, आणि निम्म्या मुलींच्या पाठीवर धाकटं भावंड बांधलेलं. शिकवणाऱ्या दिदी भक्तपूरच्याच, नेवार, घरी नेपाल भाषा, म्हणजे नेवारी, बोलणार, वर्गात नेपाळी, आणि इतक्या वर्षांत तामाङ आणि खाम मगर भाषेतली मुलांना धीर देण्यापुरती वाक्यं शिकलेल्या. मी त्यांच्यापेक्षा लहान म्हणून त्या मला बहिनी म्हणायच्या. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यांनी मला शांतपणे सांगितलं की पहिला आठवडा तू काही शिकवायचं नाहीस, मागे बसायचं, नावं पाठ करायची आणि मुलं घरी गेली की मला सांगायचं कोण आज वर्गात झोपलं, कोणाच्या हाताला जखम आहे, कोण दोन दिवस आलं नाही. मला हे काम आवडलं. कारण चाळीसेक मुलांच्या वर्गात एकट्या बाईला हे सगळं बघणं शक्यच नसतं, ती फळ्याकडे वळली की मागे दहा गोष्टी घडतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून माझा उपयोग होता आणि तरी वर्ग त्यांचाच होता.

त्यांचे नियम होते आणि ते लेखी होते. कुठल्याही मुलासोबत बंद जागेत एकटीने थांबायचं नाही. स्वतः काही वाटायचं नाही, गोळीसुद्धा नाही, जे द्यायचं ते दिदींच्या हातून सगळ्यांना. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. म्हणून या पोस्टमध्ये एकही फोटो नाही आणि एकाही मुलाचं नाव नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, मी कधी जाणार हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचं. दिदींनी भिंतीवरच्या नेपाळी कॅलेंडरवर फागुन महिन्यातली एक तारीख दाखवून सांगितलं, या दिदी इथपर्यंत आहेत, मग आपल्या गावी जाणार, तुम्ही जसे वैशाख-जेठमध्ये जाता तशा. मुलांनी मान डोलावली आणि विषय संपला. भट्टीवरच्या मुलांना येणं-जाणं कळतं. त्यांना त्रास होतो तो न सांगता गायब होणाऱ्या माणसांचा.

भाषेचं म्हणाल तर लिपी एक असल्यामुळे मला वाचता पहिल्या दिवसापासून येत होतं, समजायला वेळ लागला. माझा मराठी वळणाचा ल आणि श बघून मोठी मुलं फळ्यावर येऊन दुरुस्त करून जायची आणि मी ती दुरुस्ती पाळायचे, कारण आधीच गोंधळात असलेल्या पोरांना दोन वळणं कशाला शिकवायची. खेळात भाषा लागलीच नाही. सागरगोट्यांना तिथे गट्टा म्हणतात, विटीदांडू आहेच, आणि एक चुंगी म्हणून खेळ, रबरबँडचा झुबका पायाने हवेत उडवत ठेवायचा, त्यात आठ वर्षांची पोर मला रोज हरवायची. रबरबँड मोजत मोजत दहा-दहाचे गठ्ठे करायला तीच शिकली आणि बाकीच्यांनाही तिनेच शिकवलं.

आता मुख्य गोष्ट. या मुलांचं शिक्षण नेमकं कुठे तुटतं? शाळा नसते म्हणून तुटत नाही, बऱ्याच मुलांचं गावच्या सरकारी शाळेत नाव असतं. नेपाळची २०१५ ची राज्यघटना आठवीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत म्हणते, बारावीपर्यंत मोफत म्हणते. पण तिथलं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं आणि वार्षिक परीक्षा चैत्रात, म्हणजे आपल्या मार्च-एप्रिलच्या आसपास. आणि मुलं मंसिरपासून, म्हणजे मार्गशीर्षापासून, जेठपर्यंत भट्टीवर. म्हणजे अर्धं वर्ष झाल्यावर शाळा सोडायची, परीक्षेला नाही, आणि परत जाईपर्यंत पुढचं वर्ष सुरू झालेलं. मास्तर परत त्याच वर्गात बसवतात. दुसरीत तीन वर्षं काढलेला अकरा वर्षांचा मुलगा मला तिथे भेटला, त्याला गुणाकार येत होता, वाचता अस्खलित येत होतं, आणि तो दुसरीत होता कारण कागदावर तो दुसरीच्या पुढे गेलेलाच नव्हता. अजून एक वर्ष असं गेलं की तो शाळेत जाणारच नाही, सहा वर्षांच्या पोरांत कोण बसेल? मग तो पूर्णवेळ विटा वाहणार. याला मी हुशारी वाया जाणं वगैरे म्हणणार नाही, सरळ सरळ एका मुलाचं नुकसान आहे ते, आणि ते कागद वेळेवर न पोचल्यामुळे होतं.

आपल्याकडे ऊसतोड आणि भट्टीवाल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, स्थलांतर करणारं मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला घ्यायचं आणि त्याची प्रगती कार्डावर लिहायची अशी कल्पना. ते सगळीकडे नीट चालतं असं मी म्हणणार नाही, साखरशाळांत काम करणाऱ्यांना विचारा, पण कल्पना पक्की आहे. मी दिदींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या इथे सरकारी कार्ड नाही पण आपण आपलं करू. मग संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, चिउरा म्हणजे पोहे आणि बटाट्याचा अचार खात, आम्ही ते कार्ड केलं, एका बाजूला मुलाचं नाव, गाव, गावची शाळा, कुठल्या वर्गात होतं, दुसऱ्या बाजूला काय येतं, अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, कितीपर्यंत अंक, बेरीज हातच्याची की बिनहातच्याची, वगैरे. माझा मसुदा फार मोठा झाला होता, दिदींनी तो अर्ध्यावर आणला, गावचा मास्तर एवढं वाचणार नाही म्हणाल्या आणि बरोबरच होतं. वर संस्थेचा शिक्का, हजेरीचे दिवस, आणि दिदींचा फोन नंबर. वडा कार्यालयातल्या, म्हणजे वॉर्ड ऑफिसातल्या, एका माणसाशी त्या स्वतः जाऊन बोलून आल्या आणि तिथलाही शिक्का मिळवला. हे मला कधीच जमलं नसतं. परदेशी बाईने तिथे जाऊन बसून काय होणार होतं, त्यांना ओळखतात, त्यांच्या सासऱ्यांना ओळखतात, चहा झाला, काम झालं.

मग मी काय केलं, तर प्रत्येक मुलाला जवळ बसवून, दिदींच्या समोरच, त्याला काय येतं ते बघून कार्ड भरायचं. वेळखाऊ काम होतं. कारण सकाळी सातला आलेलं मूल रात्री दोनपासून जागं असतं, ते अक्षर विसरतं ते झोपेमुळे, म्हणून एकदा बघून भागत नाही, परत दुसऱ्या दिवशी, परत ऊन पडल्यावर, पोटात काही गेल्यावर. एका मुलीला पहिल्यांदा पाचापर्यंत मोजता येत नव्हतं आणि त्याच मुलीने चार दिवसांनी, पोटभर खाऊन आल्यावर, सत्तरच्या पुढे मजल मारली. पहिल्या दिवशी लिहून टाकलं असतं तर ते खोटं कार्ड झालं असतं.

हिशोबाचं तर सांगायलाच हवं. विटा वाहणाऱ्यांना प्रत्येक खेपेला एक टोकन मिळतं, ते कमरेच्या पिशवीत साठवायचं आणि संध्याकाळी मोजून द्यायचं. दिदींनी गणित त्या टोकनांवरून शिकवलं. पाठीवर वीस विटा, आज पस्तीस टोकनं, किती विटा झाल्या, हजाराला किती कमी पडल्या, उचल एवढी होती, आठवड्याची खर्ची एवढी घेतली, किती उरले. पुस्तकातल्या आंब्यांच्या गणितात मागे बसून पेंगणारी मुलं या गणिताला पुढे सरकून बसायची. मग त्यांच्या आया यायला लागल्या. आधी दारात उभ्या राहायच्या, मग एक जण आत येऊन बसली आणि म्हणाली मलाही आकडे लिहायला शिकवा, वहीत नाइके काय लिहितो ते मला वाचायचंय. त्यानंतर संध्याकाळी अर्धा तास आयांचा वर्ग. चिखलाने फुटलेल्या बोटांनी पेन्सिल धरणं जड जातं, पण तीनचा आकडा जमला की त्या एकमेकींची पाटी बघून इतक्या हसायच्या की पलीकडच्या झोपड्यांतून अजून दोघी यायच्या. मी तिथे जेवढी कामं केली त्यातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण आई हिशोब वाचायला लागली की पुढच्या वर्षीची उचल किती घ्यायची हे ठरवताना तिच्या हातात काहीतरी असतं, आणि मुलगी किती दिवस शाळेत बसेल हे शेवटी त्या उचलीवरच ठरतं.

संक्रांत तिथेही जोरात. माघे संक्रांती म्हणतात, तीळ, तूप, चाकु म्हणजे गुळाचा कडक पाक, आणि उकडलेले कंद, ते तरुल. मगर लोकांचा तर हा मोठा सण, रोल्पाच्या कुटुंबांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं. मी दिदींच्या घरी बसून आपले तिळगुळाचे लाडू वळले, त्यांना चाकु घालूनच बघूया म्हटलं आणि फार छान झाले, दिदींच्या सासूबाईंनी, त्यांना मीही आमाच म्हणायचे, डबा भरून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी भट्टीवर प्रत्येकाला एक. एका आजोबांनी मला त्यांच्याकडचं तरुल सोलून दिलं आणि विचारलं तुमच्याकडेही भट्ट्या आहेत का, मी म्हटलं आहेत, खूप आहेत. ते बराच वेळ विचारत राहिले, हजाराला किती देतात, पाणी कोण भरतं, राहायला काय देतात. मी सगळं सांगितलं.

आता अनाथाश्रमाचं. ठमेल हा काठमांडूचा पर्यटकांचा भाग, ट्रेकिंगची दुकानं, कॅफे, तिथे शनिवारी सुट्टीच्या दिवशी गेलं की वेगवेगळ्या देशांतून आलेले तरुण व्हॉलंटिअर भेटतात. त्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या बालगृहात दोन-तीन आठवडे असतात, त्यासाठी एजन्सीला चांगले पैसे भरून आलेले. चांगली मुलं-मुली असतात हो. पण गोष्टी ऐकल्यावर काळजी वाटते, कोणाचीच कागदपत्रं तपासली नाहीत, आल्या आल्या मुलं मिठी मारतात, रात्री मुलांच्या खोलीत जाऊन गोष्टी सांगितल्या, आणि निघताना सगळे रडले. दर दोन आठवड्यांनी रडायचं त्या मुलांनी? ओळख नसलेल्या माणसाला येताक्षणी मिठी मारणारं मूल प्रेमळ आहे असं आपल्याला वाटतं, पण घरात वाढणारं मूल अनोळखी माणसाला बघून आधी आईमागे लपतं, आणि तेच निरोगी लक्षण आहे.

आणि मूळ गोष्ट म्हणजे ही मुलं बहुतेक अनाथ नसतात. युनिसेफचं म्हणणं आहे की नेपाळच्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी, जिवंत आहेत. मग ती तिथे कशी? याची सुरुवात माओवादी संघर्षाच्या काळात, १९९६ ते २००६. हुमलासारख्या रस्तासुद्धा नसलेल्या जिल्ह्यांत दलाल जायचे आणि आईवडिलांना सांगायचे की इथे राहिला तर पोराला लढायला नेतील, आमच्याकडे द्या, काठमांडूत बोर्डिंग शाळेत शिकवतो. आईवडील जमीन-जनावरं विकून पैसे द्यायचे. मुलगा काठमांडूत एखाद्या घरात पोचायचा, कागदोपत्री आईवडील मेलेले दाखवले जायचे, आणि मग तो परदेशी देणगीदारांना आणि व्हॉलंटिअरना दाखवायला अनाथ. युद्ध संपलं तरी हे थांबलं नाही, कारण पैसे येत राहिले. नोंदणी असलेली बहुतेक बालगृहं कुठे आहेत बघा, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा असलेला कास्की आणि चितवन, म्हणजे नेमके पर्यटक जातात तेच पाच जिल्हे. गरिबी हुमला-जुमल्याकडे आणि अनाथ पोखऱ्याच्या तळ्याकाठी, हे कसं काय? २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला मुलांना कागदपत्रांशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली होती.

हे फक्त माझं मत आहे असं नाही. नेपाळच्या २०१८ च्या बालकांविषयीच्या कायद्यातच मुलाला आधी कुटुंबात, मग नातेवाइकांकडे ठेवायचं आणि बालगृह हा अगदी शेवटचा पर्याय असं म्हटलंय. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर संसदेत सविस्तर चर्चा झाली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या व्हॉलंटिअरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाचा उल्लेख केला. नेपाळमध्येच नेक्स्ट जनरेशन नेपाळसारख्या संस्था इतकी वर्षं या मुलांची घरं शोधून, डोंगरात पायी जाऊन, त्यांना आईवडिलांपर्यंत पोचवतायत. एकीकडे हे लोक मूल घरी नेऊन सोडतात आणि दुसरीकडे आपण पैसे भरून त्या रिकाम्या खाटेवर नवीन मूल आणायचं कारण तयार करतो, असं होतं ते. म्हणून मी कळकळीने सांगतेय, कितीही चांगला वाटला, कितीही स्वच्छ असला, वेबसाइटवर कितीही हसरे चेहरे असले तरी दोन-चार आठवड्यांसाठी अनाथाश्रमात जाऊन राहू नका. आपल्याकडेही वाढदिवसाला केक घेऊन आश्रमात जायची पद्धत आहे, त्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, पैसे द्या, धान्य द्या, मुलांना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका.

मग जायचं कुठे? जिथे मूल संध्याकाळी आपल्या माणसांकडे जातं तिथे. भट्टीवरची शाळा, वस्तीतली अभ्यासिका, सरकारी शाळेचं वाचनालय, अपंग मुलांचं दिवसाचं केंद्र. तिथे वर्ग घेणारी स्थानिक बाई किंवा सर असले पाहिजेत आणि तुमच्यामुळे त्यांची नोकरी जाणार नाही हे बघा, हा प्रश्न संस्थेला सरळ विचारायचा, मी नसताना हे काम कोण करतं आणि मी गेल्यावर कोण करणार. उत्तरात कोणीच नाही असं आलं तर जाऊ नका. तुमच्याकडे खरंच एखादं कौशल्य असेल, गणित शिकवायची पद्धत, फिजिओथेरपी, अकाउंट्स, तर ते तिथल्या माणसांना शिकवून या, मुलांशी थेट वेळ कमी गेला तरी चालेल. माझी एक मैत्रीण सीए आहे, तिने नुसते एका संस्थेचे दोन वर्षांचे हिशोब लावून दिले, एकाही मुलासोबत फोटो नाही, आणि तिच्यामुळे त्या संस्थेला पुढची देणगी मिळाली. आणि कुठे काही वावगं दिसलं तर नंबर पाठ ठेवा, नेपाळमध्ये चाइल्ड हेल्पलाइन १०९८, हरवलेल्या मुलांसाठी १०४. आपलाही नंबर १०९८ च आहे, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला.

फागुनात मी निघाले तेव्हा वर्ग नेहमीसारखाच भरला. दिदींनी आधीच सांगितलं होतं, निरोप समारंभ नाही. मी सकाळी कॅलेंडरवरची ती तारीख दाखवली, उद्यापासून मी नाही, कार्डं दिदींकडे आहेत, म्हणाले, आणि मग चुंगीचा डाव झाला.

कार्डांचं पुढे काय झालं हे मला बरेच जण विचारतात. जेठमध्ये कुटुंबं परत गेली तेव्हा दिदींनी प्रत्येकाला प्लास्टिकच्या पाकिटात घालून कार्ड दिलं. असार म्हणजे आषाढापर्यंत रोल्पातल्या दोन शाळांमधून मास्तरांचे फोन आले, काही मुलांना परीक्षा न देता पुढच्या वर्गात घेतलंय, त्यात तो दुसरीतला मुलगा आहे, तो आता चौथीत बसतो. एका शाळेने कार्ड बघून सरळ नाही म्हटलं. बाकीच्यांचं अजून कळलेलं नाही, कारण तराईतली काही कुटुंबं तिथून पुढे दुसऱ्याच कामाला निघून गेली आणि फोन लागत नाहीत.

यंदा तिहारनंतर भट्टी परत लागेल. दिदींनी मला एवढ्यात यायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलंय, त्यांना त्याऐवजी एक मदतनीस हवीये, भट्टीवरच्याच कुटुंबातली, दहावीची एसईई परीक्षा दिलेली एक मुलगी त्यांनी हेरून ठेवलीये, सहा महिन्यांचा तिचा पगार कुठून आणायचा एवढाच प्रश्न होता. मी आणि ऑफिसातल्या तिघी जणी मिळून तो देतोय. त्या मुलीला खाम मगर येते, म्हणजे लहान मुलांचा पहिला महिना रडण्यात जाणार नाही. मी दर शनिवारी त्यांना फोन करते, कार्डाचा नवा नमुना कसा करायचा ते बोलतो, या वेळी दिदींनी त्यात गुणाकाराचा रकाना मोठा करायला सांगितलाय आणि मागच्या बाजूला आईने स्वतः लिहायचा एक आकडा, घेतलेली उचल.

कोणाला जायचंच असेल तर मला मेसेज करा, संस्थेशी बोलणं करून देते, पण किमान तीन महिने काढणार असाल आणि पोलीस क्लिअरन्स असेल तरच. जाताना सोबत जाड मोजे, मास्क आणि साध्या लाकडी पेन्सिली न्या, पेन्सिली दिदींकडे द्यायच्या.